पोर्ट लुईला अर्धा दिवस पुरत नाही

मॉरिशसच्या सहलीवरच्या लेखात तिथली राजधानी पोर्ट लुई अर्ध्या दिवसात उरकून समुद्रकिनारा गाठायला सांगितलंय, ते मला पटलं नाही. आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले करारबद्ध मजूर जिथे उतरत ती बंदराकाठची जागा, तरी चुकवू नका. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून इथे मजूर उतरले. पुढे मुंबई बंदरातून आपली मराठी माणसंही आली. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्यांपाशी मी बराच वेळ नुसती उभी होते, डोळे भरून आले.

तिथून मंडई चालत गाठता येते. गरम ढोलपुरी (डाळ भरलेली पातळ पोळी) खा, आपल्या पुरणपोळीसारखीच दिसते पण तिखट! ऊन चढायच्या आत सिटाडेल किल्ल्यावरून बंदर बघा. शहराबाहेरची पांप्लमूसची वनस्पती बाग मात्र वेगळ्या दिवशी ठेवा, तिथल्या परातीएवढ्या कमळपानांपाशी पाय रेंगाळतातच.