व्याजदर उतरले तरी न्यू जर्सीत घरं मिळणार नाहीत

"थांबा जरा, व्याजदर उतरू देत, मग घर घ्या." इथल्या प्रत्येक गणपतीत, हळदीकुंकवात, मुलांच्या वाढदिवसांत हा सल्ला मी ऐकतेय. देणारे मनापासून देतात. पण न्यू जर्सीपुरता तरी तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याच्या भरवशावर तरुण जोडप्यांची वर्षं वाया जाताना मला बघवत नाही.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. तिकडे गृहकर्जाचा दर बहुतेक बदलता असतो. मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा जुन्या कर्जदारांचेही हप्ते किंवा मुदत वाढली. अमेरिकेत बहुसंख्य कर्जं 30 वर्षं एकाच दराची. जानेवारी 2021 मध्ये हा दर सरासरी 2.65 टक्क्यांपर्यंत खाली आला होता आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तोच 7.79 वर गेला. 4 लाख डॉलरच्या कर्जाला 3 टक्क्यांनी महिना 1,686 डॉलर हप्ता बसतो, 7 टक्क्यांनी 2,661. शिवाय घर विकलं की ते कर्ज फेडावंच लागतं, स्वस्त दर नव्या घराला लावून मिळत नाही. मग ज्याचं कर्ज 3 टक्क्यांचं आहे तो घर विकेल कशाला?

म्हणून घरं बाजारात येतच नाहीत. गृहकर्जांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी 2022 च्या मध्यापासून 2023 अखेरपर्यंतचा हिशेब मांडला: एवढ्या एका कारणाने सुमारे 13 लाख घरं विकली गेली नाहीत. चढ्या व्याजाने किमती जेवढ्या खाली ओढल्या, त्यापेक्षा या टंचाईने त्या जास्त वर ढकलल्या. 2024 मध्ये देशभरात जुन्या घरांची विक्री 1995 नंतरच्या नीचांकावर होती आणि मध्यम किंमत मात्र विक्रमी, 4 लाख 7 हजार डॉलरच्या वर.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आणि सल्ला देणारे इथेच थांबतात. पण व्याजदर तर टेक्सासलाही तेच आहेत. तरी ऑस्टिनमध्ये 2022 च्या शिखरापासून किमती साधारण पाचव्या हिश्श्याने उतरल्या, भाडीही उतरली. तिथे विक्रीला असलेली घरं कोरोनाआधीपेक्षा जास्त आहेत. फ्लोरिडातही जास्त आहेत, पण तिथलं कारण वेगळं आणि क्लेशदायक आहे: वादळांनंतर विम्याचे हप्ते इतके चढले की लोकांना घर ठेवणंच जड जातंय. ऑस्टिनने मात्र सरळ बांधलं. हजारो अपार्टमेंट उभी राहिली, म्हणून भाडेकरूला घासाघीस करता येऊ लागली. आमच्याकडे न्यू जर्सीत, शेजारच्या कनेटिकट राज्यात, मध्यपश्चिमेच्या बऱ्याच भागात विक्रीला असलेल्या घरांची संख्या अजून 2019 च्या खूप खाली आहे. दर सगळीकडे तोच असताना एवढा फरक पडतो, तर मूळ दुखणं व्याजात नाही.

ते आहे आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाच्या, नियमांत. कितीतरी गावांत निवासी जमिनीच्या मोठ्या भागावर एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, एवढंच बांधायची परवानगी असते. 1975 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल खटल्यात सांगितलं की गावांनी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना घरांची दारं बंद करू नयेत. पन्नास वर्षं उलटली, तरी गावं कोर्टात भांडताहेत. मार्च 2024 मध्ये गव्हर्नर मर्फींनी सही केलेल्या नव्या कायद्याने 2025 ते 2035 साठी अशा परवडणाऱ्या घरांतला प्रत्येक गावाचा वाटा ठरवायची पद्धत घालून दिली, त्यालाही काही गावांनी आव्हान दिलं.

आणि आता जे लिहितेय ते आपल्याच माणसांबद्दल आहे. गावातल्या बांधकामांना मंजुरी देणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीला अपार्टमेंटच्या विरोधात बोलणाऱ्यांत आपली मंडळीही असतात. शाळांवर ताण येईल, ट्रॅफिक वाढेल, किमती पडतील. वर्षाला सरासरी दहा हजार डॉलरच्या आसपास मालमत्ता कर भरणाऱ्याची काळजी मला समजते, मीही तो भरते. पण आपण स्वतः इथे आलो तेव्हा याच अपार्टमेंटांत राहिलो ना? आपली मुलं तिथूनच त्या शाळांत गेली. आज नव्याने येणाऱ्या जोडप्याला तीच जागा नको म्हणायचा हक्क आपल्याला कुठून मिळाला?

या विरोधाचा फटका आपल्यालाही बसतोय, हे कुणी बोलत नाही. माझ्या ओळखीत साठीतली कितीतरी जोडपी चार बेडरूमच्या घरात दोघंच राहतात. मुलं कधीच बाहेर पडली, गुडघे दुखतात, जिना नकोसा झालाय. काहींचं कर्ज केव्हाच फिटलं, म्हणजे 3 टक्क्यांची बेडीही पायात नाही. तरी घर विकत नाहीत, कारण त्याच गावात, देवळाजवळ, मित्रमंडळींजवळ, लिफ्ट असलेला दोन बेडरूमचा फ्लॅटच नाही. तो बांधायला आपणच विरोध केला. आणि त्या चार बेडरूमच्या घराची वाट बघणारं तरुण कुटुंब दर शनिवार-रविवारी विकाऊ घरं बघायला ओपन हाउसला जातं, मागितल्यापेक्षा जास्त रक्कम लिहून देतं, घराची तपासणी करण्याची अटही सोडून देतं, आणि सोमवारी नकार येतो.

उद्या दर 5 टक्क्यांवर आले तर काही जुने मालक विकतील, हे खरं. पण त्यातले बरेच विकून दुसरं घरच शोधणार, आणि आज ज्यांचं गणित बसत नाही ते सगळे त्याच रांगेत येतील. नवीन घरं बांधली नाहीत तर हप्त्यात वाचलेले पैसे किमतीत जातील.

म्हणून ज्यांचं इथे घर आहे त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या टाउनशिपच्या वेबसाइटवर प्लॅनिंग बोर्डाच्या पुढच्या सुनावणीची तारीख बघा आणि बांधकामाच्या बाजूने बोलायला जा. बोलायला मोजकीच मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. नाव-पत्ता सांगा, किती वर्षं गावात आहात ते सांगा, आणि स्टेशनजवळ तीन-चार मजली इमारत हवी, तिच्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव घरं हवीत, असं स्पष्ट म्हणा. विरोध करणारे दरवेळी येतात. बाजूने बोलणारं कुणी नसलं की बोर्डाचे सदस्य तेच गावाचं मत धरतात. कुणाला एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर मला मेसेज करा, मी सोबत येईन.