‘रोज थोडी थोडी मागे ओढा’ : या मेसेजमधलं काय खोटं, काय अर्धवट

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा मजकूर साधारण असा असतो : ‘मुलाच्या शूच्या जागेची कातडी पहिल्या दिवसापासून तेल लावून रोज मागे ओढा. वर्षाच्या आत मोकळी झाली नाही तर फायमोसिस समजा. शू करताना फुगा येतो म्हणजे लघवी तुंबते, किडनी जाते. वेळीच लेझरने सुंता करा, दुसऱ्या दिवशी मूल शाळेत आणि मोठा माणूस ऑफिसात.’ मालीशवाल्या मावशीही बहुतेक हेच करतात, त्यामुळे आजीलाही तो लगेच पटतो.

आधी ती वर्षाची मुदत. फायमोसिस म्हणजे कातडीचं तोंड अरुंद असल्याने ती मागे न जाणं. जन्मतः कातडीचा आतला पदर टोकाच्या बोंडाला चिकटलेलाच असतो. गेअर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९४९ मध्येच लिहून ठेवलं की पूर्ण मागे जाणारी कातडी नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांत सापडते. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत हा चिकटा कुठे ना कुठे शिल्लक होता, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ३ टक्के. तोंड अरुंद असण्याचं प्रमाण त्याच वयांत ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं, तेही कुणी न ओढता. म्हणजे पहिलीतल्या मुलाची कातडी पूर्ण मागे जात नसेल तर तो आजार नव्हे, त्याचं वय आहे.

खरं नुकसान ‘रोज ओढा’ या सल्ल्याने होतं. चिकटलेले पदर जबरदस्तीने सोडवले की आतून सोलवटतात आणि कातडीच्या तोंडाला बारीक चिरा जातात. चिरा भरताना व्रण धरतो, आणि व्रणाची कातडी ताणली जात नाही. आठवडाभराने पुन्हा ओढलं की पुन्हा चीर, आणखी जाड व्रण. फायमोसिस टाळायला म्हणून केलेला उद्योगच असा फायमोसिस तयार करतो. दुसरा धोका जास्त तातडीचा. ओढलेली अरुंद कातडी पुढे आणायची राहिली तर ती बोंडामागे रबरबँडसारखी आवळते आणि पुढचा भाग सुजत जातो. अशा वेळी बोंड मुठीत धरून पाच मिनिटं सलग, हळूहळू दाबून सूज उतरवायची आणि मग कातडी पुढे सरकवायची. जमलं नाही तर वेळ न दवडता इस्पितळ गाठायचं, सकाळची वाट पाहायची नाही. एरवी स्वच्छतेसाठी अंघोळीत बाहेरून पाणी ओतलं की पुरे. कातडी आपसूक मोकळी झाल्यावर मुलाने स्वतः मागे घेऊन धुवावी आणि लगेच पुढे आणावी.

फुग्याचं भय अनाठायी आहे. आतला चिकटा सुटतोय पण तोंड अजून लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. धार नीट पडते ना, हे बघा. थेंब थेंब येत असेल, मूल कुंथत असेल किंवा लघवीचा संसर्ग परत परत होत असेल, तर मात्र तपासणी हवी. कातडीखाली दिसणारे पांढरे-पिवळे मऊ गोळे म्हणजे साचलेल्या मृत पेशी, पू नव्हे. ते पिळू नयेत.

मग ऑपरेशन कुणाला? डॉक्टरांनी तपासताना कातडी हलकेच मागे घेतल्यावर तोंड कळीसारखं उमलून आतला गुलाबी पदर दिसला तर थांबायला हरकत नाही. त्याऐवजी पांढरं, कडक कडं दिसलं तर तो व्रण किंवा लायकेन स्क्लेरोसस (कातडी पांढरी, कडक करणारा त्वचारोग), आणि तिथे बहुधा सुंताच लागते. या दोहोंच्या मधल्या मुलांसाठी डॉक्टर बीटामेथासोन या स्टिरॉइडचं मलम देतात : दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, फक्त अरुंद कड्यावर पातळ थर. बहुतेकांचं यावर भागतं. दुकानातून परस्पर आणलेलं ‘खाजेचं’ मिश्र मलम याच्या जागी चालत नाही. आणि लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता मुळीच करू नये, मग ती कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरातली आठव्या दिवसाची असो वा खतन्याची. छिद्र दुरुस्त करताना हीच कातडी लागते.

राहिलं ‘दुसऱ्या दिवशी शाळेत’. ‘लेझर’ नावाखाली पुष्कळदा स्टेपलर असतो. त्याच्या बारीक पिना दोन ते चार आठवड्यांत गळतात, काही काढाव्या लागतात. कापणं कशानेही होवो, जखम आपल्याच गतीने भरते : लहान मुलांना सात ते दहा दिवस, मोठ्यांना दोन ते तीन आठवडे. भुलीचं इंजेक्शन चार-सहा तासांत उतरतं. दुपारी हसत घरी आलेलं मूल रात्री किंचाळतं ते यामुळे. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉल दुखायला लागण्याआधीच सुरू करायचं, किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. बाटलीवरचा आकडा वाचा. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतं : पाच मिलीत १२० असेल तर साडेसात मिली, २५० असेल तर साडेतीनच्या जरा वर. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोंडावर पिवळसर साय धरते. ती पू समजून घासली की रक्त येतं. तिला हात लावू नये. चिकटलेली पट्टी सुकी ओढू नका, कोमट पाण्याने दहा मिनिटं भिजवा. मुलाला सैल चड्डी आणि पट्टीला चिकटू नये म्हणून व्हॅसलीन. प्लास्टिकची रिंग बसवली असेल तर ती पाच ते दहा दिवसांत आपोआप गळते, ओढायची नाही. मोठ्या माणसाने लिंग पोटाकडे वर वळवून ठेवावं, सूज कमी येते. पहाटेच्या ताठरतेने टाके ओढले जातात, म्हणून झोपण्याआधी लघवीला जाऊन यावं. टू-व्हीलर आठवडा-दहा दिवस बंद, संभोग आणि हस्तमैथुन सहा आठवडे. ‘बरं वाटतंय’ म्हणून चौथ्या आठवड्यात घाई केली की भरलेली जखम उसवते.

पट्टीवर रक्ताचे डाग चालतात. थेंब सतत पडत असतील तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं, मध्येच उचलून न बघता, दाबून धरा. त्यानंतरही थांबलं नाही, लाली पोटाकडे सरकू लागली, ताप आला किंवा बारा तासांत लघवी झाली नाही, तर त्याच रात्री इस्पितळात न्या.