वाळूमाशीचा तो फोटो चुकीचा आहे

मुलांच्या मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा विषाणू पसरवणारी 'वाळूमाशी' म्हणून एका जाडजूड, हिरवट चमकदार माशीचा फोटो फिरतो आहे. सोबत सल्ला : बांधकामाच्या वाळूजवळ मुलांना जाऊ देऊ नका. दोन्ही चूक.

फोटोतली माशी उकिरड्यावर दिसते तीच. खरी वाळूमाशी जेमतेम २-३ मिमीची, डासाहूनही लहान, अंगावर लव असलेली. बसताना पंख पाठीवर 'व्ही'सारखे उभे धरते आणि उडते कमी, टुणटुणते जास्त. नाव वाळूचं, पण मुक्काम गोठ्यात, मातीच्या भिंतींच्या भेगांत, शेणकचऱ्याच्या ओलसर मातीत. अंडी साचलेल्या पाण्यात घालत नाही, त्यामुळे निव्वळ डबकी बुजवून ती हटत नाही. चावते फक्त मादी.

प्रजाती मोबाइलच्या फोटोवरून ठरत नाही. कीटकतज्ज्ञ प्रकाशसापळ्यांनी किंवा एरंडेल लावलेल्या चिकट कागदांनी माश्या पकडतात, मग घसा आणि मादीची शुक्रकोशिका (शुक्राणू साठवणारी पिशवी) सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आणि वाळूमाशी सापडली म्हणजे विषाणू सापडला असंही नाही; त्याची तपासणी वेगळी.

विषाणूचं नाव मात्र आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावचं, १९६५ पासूनचं.