बेन मॅकडॅनियलने मृत्यूचा बनाव रचला, हे सिद्ध झालेलं नाही

फ्लोरिडातल्या व्हॉर्टेक्स स्प्रिंग या झऱ्यातून (ज्यात पाण्याखाली गुहा आहे) बेपत्ता झालेला पाणबुड्या बेन मॅकडॅनियल 'कर्ज चुकवायला पळाला, हे आता सिद्ध झालंय', असा मजकूर फिरतोय. तसं काहीही सिद्ध झालेलं नाही.

18 ऑगस्ट 2010 च्या संध्याकाळी तो गुहेच्या लोखंडी दारापाशी शेवटचा दिसला. आत जायला लागणारं गुहा-डायव्हिंगचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं. दार तिथल्याच एका कर्मचाऱ्याने उघडून दिलं. दोन दिवसांनी त्याचा ट्रक तिथेच उभा होता. आत पाकीट, रोख सुमारे 700 डॉलर, फोन. पळणारा माणूस हे सगळं मागे ठेवतो का? ठेवेलही, पण ह्याला पुरावा म्हणता येत नाही.

मग मृतदेह का नाही सापडला? अनुभवी पाणबुडे अतिशय अरुंद फटींपर्यंत शिरले, तिथे कुणी घासत गेल्याची खूणही नव्हती. त्यामुळे तो गुहेत नसावा, असं काहींचं मत झालं. मत, निष्कर्ष नव्हे. घातपाताचा संशय कुटुंबालाही आला, पण कुणावर गुन्हा सिद्ध झालेला नाही. म्हणून तिथल्या माणसांची नावं घेऊन त्यांना खुनी ठरवणं थांबवा.

2013 मध्ये त्याला कायद्याने मृत घोषित केलं गेलं. त्याचे आईवडील त्यानंतरही उत्तर शोधत राहिले. कृपा करून तो मजकूर पुढे पाठवू नका.