मला पाहून पोरगं पाठवू नका

ईस्टरच्या सुट्टीत दोन आठवडे नागपूरला होतो. एप्रिल म्हणजे तिकडे आधीच ४२-४३, आईनं कूलरला वाळ्याच्या नवीन ताट्या लावून घेतल्या होत्या आणि मी बनियनवर त्याच्यासमोर बसून तर्री पोहे खात होतो, तेवढ्यात शेजारचे काका फाईल घेऊन आले. बटणवाली प्लास्टिकची. आत पोराचं इंग्लंडच्या एका युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर, एमएस्सी डेटा सायन्स, एका वर्षाचा कोर्स, फी आणि राहणं-खाणं धरून ३५ लाखांचा बँकेचा कागद, आणि सगळ्यात खाली नागपूरच्या कडेला बेसात असलेल्या त्यांच्या प्लॉटची झेरॉक्स. "तूच सांग बा आता, पाठवू का नको? आम्हाले त काही समजून नाही राहिलं. पण तुझं उदाहरण आहे नं डोळ्यासमोर."

डोळ्यासमोर. झालं. इथेच सगळा घोळ आहे, आणि नेमका हाच घोळ निस्तरायचा पगार मी घेतो.

मी ११ वर्षं इंग्लंडात बेझियन स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्यातच रिसर्च करतो. सोप्यात सांगायचं तर नवीन पुरावा दिसला की आधीच्या समजुतीत किती फरक करायचा त्याचा हिशोब. ती आधीची समजूत म्हणजे प्रायर. थॉमस बेझ नावाच्या पाद्र्याचा निबंध तो वारल्यावर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, त्याचा मित्र रिचर्ड प्राइसमुळे लोकांसमोर आला. पुढे बरेच जण या पद्धतीला नाक मुरडत राहिले, आणि खरं म्हणजे त्यातलं गणितही हातानं सुटायचं नाही. मग १९९० मध्ये गेलफंड आणि स्मिथचा पेपर आला, कॉम्प्युटरला हजारो-लाखो वेळा आकडे काढायला लावून उत्तराच्या जवळ पोचता येतं हे सगळ्यांना पटलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांची पोटं भरायला लागली.

आता आमचा बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. नागपूर युनिव्हर्सिटीत एमएस्सीला आम्ही १४ जण होतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी तिथे तोच वाद पेटतो, एक पार्टी म्हणते देशाच्या पैशानं शिकले आणि पळाले, दुसरी म्हणते इथे काय ठेवलंय, नेट-सेट करून, पीएचडी करून पोरं सीएचबीवर, म्हणजे तासावारी पगारावर, झिजून राहिली. गंमत अशी की दोन्ही पार्ट्यांना पुरावा म्हणून मीच लागतो. 'परत या' वाल्यांना मी एकदा हुजूरबाजारांचं सांगितलं होतं. कोल्हापूरचा माणूस, केंब्रिजला खुद्द हॅरॉल्ड जेफ्रीजच्या हाताखाली पीएचडी (बेझियन लोकांत जेफ्रीज म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष), परत आले, १९५३ मध्ये पुण्याला स्टॅटिस्टिक्सचं डिपार्टमेंट उभं केलं, आणि शेवटची वर्षं मात्र अमेरिकेत शिकवण्यात गेली. आता यांना कोणत्या पार्टीत टाकता? ग्रुपवर दोन मिनिटं शांतता, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मला मोजता तर माझ्या दोस्तालाही मोजा. तो बॅचमध्ये माझ्या पुढे होता, हे मी नम्रपणा म्हणून नाही सांगत, मार्कशीट आहेत. आमच्या दोघांचंही बाहेर जायचं ठरलं होतं. माझ्या स्कॉलरशिपचा मेल आला त्याच महिन्यात त्याच्या बाबांची बायपास झाली, तो थांबला, आणि थांबला तो थांबलाच. आज तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, ते पण कॉलेजकडून सहा-सहा महिने उशिरा, आणि उन्हाळ्यात शून्य. जागा निघणार, निघाली, थांबली, हे ऐकून ऐकून त्याची चाळिशी आली. संध्याकाळी घरी ट्यूशन घेतो, त्यावर घर चालतं.

या वेळी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. फॅन एक चालू, एक बंद. बेझचा नियम शिकवायचा होता. त्यानं फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाला, ही कळमना मार्केटातली संत्र्यांची पेटी. मोठी पेटी आहे समजा, १००० संत्री. त्यातली १० आतून सडकी. एक हुशार माणूस दाबून दाबून सांगतो कोणतं सडकं. दहा सडक्यांतली ९ तो बरोबर पकडतो, पण चांगल्या ९९० मधली ९९ पण उगाच सडकी म्हणून बाजूला काढतो. आता बाजूला काढलेल्या ढिगातून मी एक उचललं, खरंच सडकं असेल का? पोरं ओरडली, ९० टक्के सर! तो काही बोलला नाही, फक्त लिहिलं: ९ आणि ९९, बेरीज १०८, त्यातली सडकी ९. म्हणजे शंभरात आठ. मागून एक पोरगी जोरात म्हणाली, "मग बाकीची संत्री फुकट गेली नं सर!"

मी हेच माझ्या वर्गात मेडिकल टेस्टच्या स्लाइड दाखवून शिकवतो आणि अर्ध्या वर्गाला तासभर उजेड पडत नाही. बाहेर चहावर त्याला हे सांगितलं तर म्हणे, "तू अजून स्लाइडच दाखवून राहिला का बे?" परत गेल्यावर पेटी ढापली. कळमना कोणाला कळला नाही, पण संत्रं कळलं.

तर काकांकडे येतो. त्यांना दिसतात ते सुट्टीत येणारे, चॉकलेट वाटणारे. जो दोन वर्षांनी गुपचूप परत आला आणि आता हैदराबादला मिळेल तशी नोकरी करत लोनचे हप्ते भरतो, तो काही फाईल घेऊन बसलेल्यांना सल्ला द्यायला येत नाही. दाबून बाजूला काढलेला ढीग बघायचा आणि पेटी किती मोठी होती हे विचारायचंच नाही, असं आहे हे.

आणि इकडे इंग्लंडात सगळं हिरवंगार आहे असंही नाही. माझी पहिली चार वर्षं तीन कंत्राटांवर गेली, फरक एवढाच की पगार दर महिन्याला वेळेवर यायचा, आणि हा फरक लहान नाही. २०१८ च्या पेन्शनच्या संपात बर्फात गेटवर फलक धरून उभा होतो तेव्हा आईला फोटो पाठवला, तिला वाटलं काही सत्कार आहे. आता तर युनिव्हर्सिट्यांचंच खरं नाही, जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफनं एकदम ४०० पदं कमी करायचा प्रस्ताव मांडला, आमच्याकडेही दर आठवड्याला कोणाचा तरी निरोपसमारंभ असतो. इंग्लंडच्या पोराची पदवीची वर्षाची फी सरकारनं ठरवलेली, २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंड होती, त्यात भागत नाही, म्हणून बाहेरच्या पोरांकडून मास्टर्सला आमच्याकडे जवळपास तिप्पट घेतात. माझ्या एमएस्सीच्या वर्गात अर्ध्याहून जास्त आपलीच पोरं आहेत. म्हणजे काका, तुमच्या बेसाच्या प्लॉटमधून माझा पगार निघतो. सल्ला विचारायला तुम्ही दुकानदाराकडेच आलात.

हे मी त्यांना असंच बोललो. मग कागदावर लिहून दिलं: शिकल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच. त्यानंतर नोकरीवर राहायला लागणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची अट साधारण ४१,७०० पौंड, नवख्यांना सूट धरून ३३,४००. तेवढं देणारी कंपनी १८ महिन्यांत सापडली पाहिजे. पोराला विचारा की एक वर्षाचा कोर्स कशासाठी पाहिजे, स्टॅटिस्टिक्स शिकायचं आहे का इंग्लंडला जायचं आहे. शिकायचंच असेल तर माझा दोस्त दोन गल्ल्या सोडून राहतो, महिनाभर त्याच्याकडे बसवा आधी.

काकांनी कागद नीट घडी करून फाईलमध्ये ठेवला, मग म्हणाले, "एवढं सगळं माहीत आहे त तू काऊन येऊन नाही राहिला परत?"

खरं उत्तर दिलं. जागा नाही, घराचे हप्ते आहेत, मुलगी तिथल्या शाळेत रुळली, आणि मला तिथलं काम आवडतं, दुपारी चार तास दार लावून एका मॉडेलवर बसता येतं आणि कोणी विचारत नाही. दोस्ताला असे चार तास वर्षाकाठी मिळत असतील-नसतील.

काका पोहे खाऊन गेले. परवा आईचा फोन होता, पोरगं म्हणे मंगळवार-शुक्रवार दोस्ताकडे ट्यूशनला जाऊन राहिलं. ऑफरचं डिपॉझिट भरायची तारीख जूनमध्ये आहे, आणि प्लॉट बघायला एक पार्टी येऊन गेली.