गाळभट्टीला व्हीएफडी लावली की बिल निम्मे? आधी ब्लोअरचा कर्व्ह बघा

सांडपाणी केंद्रातल्या गाळ जाळायच्या भट्टीबद्दलचा एक मेसेज बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पॅनेलवाल्यांत फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: प्रत्येक पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा, बिल निम्म्यावर येईल, मोटर, केबल, कपॅसिटर आहेत तेच चालतील, लाईट गेली तर जनरेटर आहेच. कृपा करून या भरवशावर कोटेशन देऊ नका.

बिल निम्मे. आकडा येतो कुठून ते सांगतो. वेग ८० टक्के, म्हणजे ४० हर्ट्झ केला की पॉवर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१ होते. हे खरे, पण जिथे पंख्याला फक्त डक्टच्या घर्षणाशी झुंजायचे असते तिथे. वाळूच्या थराच्या भट्टीत खालचा ब्लोअर वाळूचे वजन उचलून धरतो, आणि हवा कमी केली म्हणून ते वजन घटत नाही. एक मीटर जाड थराला अंदाजे १,५०० मिलिमीटर पाण्याएवढा दाब लागतो, नोझलचा वेगळा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचा वेग ८० टक्क्यांवर आणला की दाब ६४ टक्केच उरतो. मग वाळू बसते, ब्लोअर सर्जमध्ये जाऊन (हवा मागे-पुढे उसळून) धडधडतो, ओल्या गाळाचे गोळे थरातच अडकतात. बचत शोधायची तर आयडी फॅनवर, म्हणजे भट्टीतला धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्यावर, जो वर्षानुवर्षे डॅम्पर (हवेची झडप) अर्धा मिटून चालवला जातो. साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम केलेल्याला हे लगेच पटेल. मात्र पुढे वेंचुरी स्क्रबर (पाण्याने धुरातली धूळ पकडणारे यंत्र) असेल तर तिथेही वेगाला खालची मर्यादा घाला. दाब पडला की धूळ निसटते.

जुनी मोटर, जुनी केबल. ४१५ व्होल्टवर ड्राइव्हच्या आतला डीसी बस (एसीचा डीसी केलेला दाब) सुमारे ५८७ व्होल्ट असतो. केबल लांब असली की मोटरच्या टोकाशी तो जवळपास दुप्पट होऊन आदळतो आणि कॉइलचे पहिले वेढे जातात. ५० मीटरच्या पुढे डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजची अचानक उसळी मंद करणारा) घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मोटर रिवाइंडला टाकलीच तर व्हीएफडीसाठीची तार मागा, साधी इनॅमल तार नको.

कपॅसिटर. ड्राइव्हमधून २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतले जास्तीचे करंट) परत लाइनवर येतात. उघडे, म्हणजे सिरीजमध्ये रिअॅक्टर (कॉइल) नसलेले कपॅसिटर त्यांच्याशी रेझोनन्समध्ये जाऊन फुगतात. ७ टक्के रिअॅक्टर लावला की ट्यूनिंग १८९ हर्ट्झवर येते. पण मग कपॅसिटरवर ४४६ व्होल्ट पडतात, म्हणून ४४० चे काढून किमान ४८० चे घ्यावे लागतात.

जनरेटर आहेच. हा मुद्दा जिवावरचा आहे. जनरेटर लोड घेईपर्यंतचे सेकंद भट्टीतली उष्णता थांबत नाही. अनेक मजल्यांच्या भट्टीत मधल्या पोकळ शाफ्टला हवा देणारा पंखा बंद पडला की शाफ्ट आणि ढवळायचे हात वाकतात. जनरेटर आल्यावर पहिला तोच सुरू झाला पाहिजे. क्वेंचचे (गरम धूर थंड करायचे) पाणी उंच टाकीतून, वीज गेल्यावर आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हने यावे. पीएलसी (भट्टी चालवणारा कंट्रोलर) यूपीएसवर ठेवा. आयडी फॅन ट्रिप झाला की गाळाचा पंप, बर्नर आणि खालचा ब्लोअर लगेच थांबले पाहिजेत. वीज परत आल्यावर पर्ज (साचलेला गॅस हवेने बाहेर काढणे) पूर्ण झाल्याशिवाय बर्नर पेटता कामा नये. हे इंटरलॉक हार्डवायर ठेवा, म्हणजे थेट तारांनी जोडा, फक्त प्रोग्रामवर सोडू नका.

राहिली पॅनेलची खोली. गाळाचा हायड्रोजन सल्फाइड तांबे आणि चांदीचे कॉन्टॅक्ट काळे करतो, म्हणून बाहेरची स्वच्छ, गाळलेली हवा आत दाबाने सोडावी. खानापूरकडच्या पावसाळ्यात पॅनेल बंद असतानाही स्पेस हीटर चालू ठेवा.