खुलासा : गांजाचं तेल आणि झिजलेले गुडघे

सकाळी पर्वती चढणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय : 'गांजाच्या तेलानं गुडघ्याची झीज भरून निघते, परदेशात सिद्ध झालंय!' नाही झालेलं. गांजाच्या झाडातल्या सीबीडी या घटकाचं जेल लावून सूज उतरली ती प्रयोगशाळेतल्या उंदरांची, २०१६ साली. डेन्मार्कमध्ये सांधेदुखीच्या १३६ रुग्णांना १२ आठवडे सीबीडीच्या किंवा नकली गोळ्या दिल्या. दुखण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. ऑस्ट्रियात गुडघेदुखीवर रोज ६०० मिलिग्रॅम देऊनही तेच. शिवाय नशा चढते गांजातल्याच टीएचसी या दुसऱ्या घटकानं, सीबीडीनं नव्हे. मेसेजवाल्यानं दोन्हींची खिचडी केलीय. आणि गुडघ्यात झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर; तिला रक्तवाहिन्याच नसतात, ती भरून येणार कशी? बाटली मागवलेल्या काकांनी ऑर्डर रद्द केली, पायऱ्या मात्र अजून कठडा धरूनच उतरतात.